टाइम निघाला नाही

कोइमतूरच्या दक्षिणेला चेट्टिपाळयम गावाजवळ २.१ किलोमीटर लांबीचा डांबरी ट्रॅक आहे, कारी मोटर स्पीडवे. मोसमात इथे शनिवार-रविवारी गाड्यांचं पासिंग बघितलं तर अर्धा देश दिसतो: तमिळनाडू, केरळ, कर्नाटक आणि दर वेळी निदान दोन-चार एमएच. एमएच १२, एमएच १४, कधी कोल्हापूरची एमएच ०९. बाराशे किलोमीटर गाडी मारत आलेली ही मंडळी रविवारी संध्याकाळी ट्रॅकवरून निघतात, तेव्हा त्यांच्यातल्या बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य असतं: टाइम निघाला नाही.

टाइम ट्रायल किंवा टाइम अटॅक हा मोटर स्पोर्टचा बाहेरून सगळ्यांत सोपा दिसणारा प्रकार. पहिल्या वळणावरची झुंबड नाही, गाडीला गाडी घासणं नाही, ओव्हरटेकिंगचे गुण नाहीत. गाड्या अंतर ठेवून एकेक करून सोडतात. पिटमधून, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्यांच्या थांब्यातून, निघून टायर-ब्रेक गरम करायची एक लॅप, मग जोर लावायच्या दोन-तीन, मग गाडी थंड करत परत. गाडीला लावलेला ट्रान्सपॉन्डर डांबरात पुरलेल्या तारेवरून गेला की वेळेची नोंद होते, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. दिवसभरात मारलेल्या लॅप्सपैकी सर्वांत वेगवान असेल ती एकच लॅप धरतात. बाकीच्या मारल्या काय, न मारल्या काय, निकालपत्रकावर सारख्याच.

शर्यतीत चौथा आलेला माणूस सांगू शकतो की पहिल्या वळणावर मला दाबलं. टाइम ट्रायलमध्ये असं सांगायला समोर कुणी नसतं. म्हणून इथली निराशा वेगळ्या जातीची असते आणि तिची कारणं शोधायला गाडीच्या खाली, चाकांच्या आत आणि चालकाच्या पायांत शिरावं लागतं. थोडं ट्रॅकच्या बाहेरही बघावं लागतं.

या लेखात ज्याच्या मागे जायचं आहे, तो चालक म्हणजे कुणी एक माणूस नाही. अशा वीकएन्डला जे दरवर्षी घडतं ते त्याच्या नावावर जमा केलं आहे. त्याला पुण्याचा मानू. वय पस्तिशीच्या आसपास, आयटीत किंवा चाकणच्या एखाद्या कारखान्यात नोकरी, घरात एकच गाडी आणि तीच रोज ऑफिसला न्यायची. गाडी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. हौशी मंडळींत हिचं फार प्रेम, आणि ते समजण्यासारखं आहे. २०१३ मध्ये ती आली तेव्हा १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस ताकद आणि सात गिअरची डीएसजी गिअरबॉक्स हे सगळं छोट्या हॅचबॅकमध्ये मिळणं अप्रूपाचं होतं. २०२२ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत भारतातली पोलो चाकणलाच तयार होत होती. म्हणजे घराशेजारी बनलेली गाडी जोरात चालवून बघायला मालकाला दोन सीमा ओलांडून तिसऱ्या राज्यात जावं लागतं. ही गोष्ट आत्ता नोंदवून ठेवू. पुढे ती लागणार आहे.

निघण्याआधी महिनाभर तयारी चालते. ब्रेक पॅड बदलले जातात, इंजिन ऑइल बदललं जातं, चारही टायर नवे. हेल्मेट फुल-फेसच लागतं, ते उसनं आणलेलं. ग्लव्ह बॉक्समधली विमा पॉलिसी वाचायची वेळ बहुतेकांवर पहिल्यांदा तेव्हाच येते, आणि मग ती ओळ दिसते: संघटित शर्यती, वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल यांसाठी गाडी वापरल्यास विमा लागू नाही. भारतात खासगी गाड्यांच्या पॉलिसीत ही अट असतेच. म्हणजे ट्रॅकच्या भिंतीला गाडी लागली तर बंपरपासून चॅसीपर्यंतचा सगळा खर्च स्वतःच्या खिशातून. रोज ऑफिसला जायचीही हीच गाडी आणि परत घरी आणणारीही हीच. ट्रेलरवर शर्यतीची गाडी आणणारा संघ आणि हा चालक एकाच वळणावर ब्रेक मारतात, पण त्या वळणाची दोघांना वाटणारी भीती सारखी नसते. हौशी चालकाच्या वेळेत ही भीती काही दशांश सेकंदांच्या रूपाने उतरते, आणि त्याला नावं ठेवण्याचं काहीच कारण नाही.

सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर, होसूर, सेलम, अविनाशी. शुक्रवारी पहाटे निघालेला माणूस रात्री उशिरा लॉजवर पोचतो.

ज्या ट्रॅकवर तो उतरणार आहे, त्याचं नाव एस. करिवर्धन यांच्यावरून आलं. कोइमतूरच्या लक्ष्मी मिल्सच्या घराण्यातला हा माणूस. स्वतः शर्यती मारायचा आणि मुख्य म्हणजे इतरांना मारता याव्यात म्हणून गाड्या बनवायचा. मारुती ८०० चं इंजिन बसवलेली एका सीटची शर्यतीची गाडी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी उभी केली. लोक तिला फॉर्म्युला मारुती म्हणू लागले. परदेशातून गाडी मागवण्याची ऐपत नसलेल्या मुलांना शर्यत शिकायची वाट त्यामुळे मोकळी झाली. कोइमतूरचाच नारायण कार्तिकेयन या गाडीतून पुढे आला आणि २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. करिवर्धन १९९५ मध्ये छोट्या विमानाच्या अपघातात गेले. त्यांच्या नावाचा ट्रॅक नव्या शतकाच्या सुरुवातीला झाला.

त्याआधी दक्षिणेतल्या शर्यती चेन्नईजवळ शोळावरमला, दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर व्हायच्या. १९९० मध्ये मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने इरुंगाट्टुकोट्टईला ३.७ किलोमीटरचा कायमचा ट्रॅक बांधला. २०११ मध्ये दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध सर्किट आला. तिथे तीन वर्षं फॉर्म्युला वन झालं आणि तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला. पहिल्या वर्षी पहिल्याच सराव सत्रात ट्रॅकवर कुत्रं आलं आणि लाल झेंडा दाखवून सत्र थांबवावं लागलं. अब्जावधींचा ट्रॅक असो की गावाबाहेरचा, लाल झेंडा कधी येईल याचा नेम नसतो.

शनिवारी सकाळी गाडीची तपासणी. बॅटरी घट्ट आहे ना, ऑइल कुठे गळत नाही ना, टो हुक लावलाय ना, सीटबेल्ट धड आहे ना. सुटी वस्तू गाडीत एकही चालत नाही. जॅक, स्टेपनी, पाण्याच्या बाटल्या, पायाखालची मॅट, सगळं पॅडकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या आवारात, ताडपत्रीवर काढून ठेवायचं. डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपतीही काढून घेतात, कारण जोराच्या ब्रेकला तो सुटून पेडलखाली जाऊ शकतो. मग दारांवर नंबर चिकटवतात आणि चालकांना एकत्र बसवून झेंडे समजावतात: पिवळा म्हणजे पुढे धोका, लाल म्हणजे लॅप सोडून शांतपणे पिटमध्ये या, पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे डांबरावर ऑइल किंवा माती.

पहिलं सत्र ट्रॅक ओळखण्यात जातं, आणि इथेच आपल्या चालकाचं पहिलं गणित चुकतं. गेले कित्येक दिवस त्याने या ट्रॅकचे व्हिडिओ बघितलेत. प्रत्येक वळण त्याला पाठ आहे. पण व्हिडिओत चढ-उतार कळत नाही, डांबराच्या जोडावर गाडी कशी उचलते ते कळत नाही, आणि तिसऱ्या गिअरमध्ये वळण अंगावर येताना पाय आपोआप ब्रेककडे जातो तो कसा थांबवायचा, हे तर अजिबातच कळत नाही. घाटात वर्षानुवर्षं गाडी चालवलेला माणूस वळणात लवकर शिरतो. समोरून एसटी येईल या हिशेबाने आपली बाजू धरून राहायची सवय हाडीमासी मुरलेली असते. ट्रॅकवर समोरून कुणी येत नाही. तिथे रस्त्याची पूर्ण रुंदी वापरायची असते: बाहेरून यायचं, ब्रेक सरळ रेषेत संपवायचा, थोडं थांबून आत वळायचं, वळणाचा आतला काठ शिवायचा आणि गाडी पुन्हा बाहेरच्या काठापर्यंत मोकळी सोडायची. लवकर वळलं की आतला काठ लवकर येतो, मग बाहेर पडताना रस्ता अपुरा पडतो आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा लागतो. वळणातून ताशी पाच किलोमीटरने मंद बाहेर पडलेली गाडी पुढच्या अख्ख्या सरळ पट्ट्यात मंद धावते. एका वळणाची ही चूक तीन-चार दशांशांना पडते. अशी चार वळणं चुकली की सेकंद-दीड सेकंद गेलाच, आणि तोही गाडीत काहीही बिघाड नसताना.

दुपारपर्यंत त्याला लाइन, म्हणजे वळणांतली ही योग्य वाट, थोडी सापडू लागते. आणि नेमक्या त्याच वेळी गाडी हातातून जायला लागते.

टायरपासून बघू. सकाळी थंड टायरमध्ये ३२ पीएसआय हवा भरली होती. चार लॅप जोरात मारल्या की टायरमधली हवा ३५ अंशांवरून ८५ अंशांपर्यंत सहज जाते आणि हाच दाब चाळिशीच्या घरात पोचतो. टायर फुगतो, मधला भागच जमिनीला नीट टेकतो, कडा उचलल्या जातात. वरून रबर त्याच्या पसंतीच्या तापमानापलीकडे गेलं की ते धरायचं सोडून सरकायला लागतं. अनुभवी मंडळी सत्रातून आत आल्या आल्या गेज लावून हवा काढताना दिसतात, आणि ती किती काढली ते वहीत लिहून ठेवतात. नवखा माणूस आधी हेल्मेट काढतो, पाणी पितो, मित्राला वेळ विचारतो. गेजची आठवण होईपर्यंत टायर निम्मे थंड झालेले असतात आणि तेव्हा दिसणारा आकडा काहीच सांगत नाही. पोलोसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत वळणं, ओढणं आणि बहुतेक ब्रेकिंग हे सगळं पुढचे दोनच टायर करतात. उजवी वळणं जास्त असली की डावा पुढचा टायर सगळ्यांत जास्त सोसतो. शनिवारी संध्याकाळी या टायरच्या बाहेरच्या कडेवर हात फिरवला तर रबराच्या बारीक वळ्या बोटांना लागतात. नव्या टायरची धार एका दिवसात गेलेली असते, आणि महत्त्वाची सत्रं तर रविवारी आहेत.

आता ब्रेक. गाडी आणि माणूस मिळून १,२०० किलो धरू. ताशी १४० वरून ६० वर येताना एवढ्या वजनाची जी गतिज ऊर्जा कमी होते, ती जवळपास ७४० किलोज्यूल भरते. दोन लिटरहून जास्त पाणी गार असल्यापासून उकळेपर्यंत जेवढी उष्णता लागते, तेवढी. यातली थोडी हवा आणि इंजिन खातं. बाकीची बहुतेक काही सेकंदांत ब्रेकच्या डिस्कमध्ये उतरते, आणि त्यातही जास्त वाटा पुढच्या दोन डिस्कचा. दीड मिनिटाच्या आत तेच पुन्हा. एक-दोन लॅपमध्ये डिस्कना थंड व्हायला फुरसतच मिळत नाही.

ही उष्णता कॅलिपरमधून ब्रेक ऑइलपर्यंत जाते. रस्त्यावरच्या गाड्यांत बहुधा डॉट ४ दर्जाचं ऑइल असतं. कोरडं, नवं असताना त्याचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की दर्जाची किमान अट १५५ अंशांवर येते. पुण्याचे दोन पावसाळे बघितलेलं, बाटलीत अगदी स्वच्छ दिसणारं ऑइल प्रत्यक्षात या दुसऱ्या आकड्याकडे झुकलेलं असतं. ते उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. म्हणून पेडल दाबलं तर ते आधी मऊ लागतं, मग खाली जातं, आणि गाडी थांबायच्या जागी चालत राहते. पॅड तापून धरेनासे झाले तर पेडल कडकच राहतं, फक्त गाडी थांबत नाही. ऑइल उकळलं तर पाय तळाला टेकतो. दोन्हींतला फरक तळपायाला कळतो. शनिवारच्या शेवटच्या सत्रात आपल्या चालकाचं पेडल मऊ पडलं. त्याने पॅड नवे घातले होते, इंजिन ऑइल नवं घातलं होतं, ब्रेक ऑइल तसंच होतं. गॅरेजमध्ये कुणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. काही शे रुपयांच्या बाटलीने वीकएन्डचा अर्धा टाइम खाल्ला.

पेडल एकदा खाली गेलं की पुढे यंत्र दुरुस्त झालं तरी माणसाचं मन दुरुस्त व्हायला वेळ लागतो. रात्री पॅडकमध्ये शेजारच्या संघाने बाटली दिली, दोघांनी मिळून ब्रेकमधली हवा काढली, पेडल पुन्हा कडक झालं. हौशी मोटर स्पोर्टमधली ही माणुसकी खरी आणि सर्रास दिसणारी आहे. आपल्याच गटातल्या प्रतिस्पर्ध्याला पाना, टेप, कधी चाकसुद्धा देतात. पण रविवारी सकाळी तो प्रत्येक वळणाआधी दहा मीटर लवकर ब्रेक मारत होता. पायाला कालचं आठवत होतं.

उष्णतेचा तिसरा वार इंजिनावर. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती तापते. इंटरकूलरने ती थंड करायची, पण बाहेरचीच हवा गरम असली आणि गाडी पिटमध्ये उन्हात उभी राहून तापलेली असली की आत जाणारी हवा गरमच राहते. इंजिनाचा संगणक इंजिन वाचवण्यासाठी स्पार्क मागे घेतो आणि ताकद कमी होते. चालकाला नुसतं जाणवतं की गाडी सकाळसारखी ओढत नाही. जपानमध्ये टाइम अटॅक ज्या त्सुकुबा सर्किटवर वाढला, तो लांबीने कारीच्याच जोडीचा आहे, २.०४५ किलोमीटर. तिथली मंडळी खऱ्या वेळेसाठी डिसेंबर ते फेब्रुवारीतल्या थंड सकाळी निवडतात. पाच अंशांची हवा ३२ अंशांच्या हवेपेक्षा नऊ-दहा टक्के दाट असते. तेवढा जास्त ऑक्सिजन इंजिनाला मिळतो. त्सुकुबाला एक मिनिटाच्या आत लॅप मारणं हे हौशी जपानी चालकाचं वर्षानुवर्षांचं स्वप्न, आणि त्यासाठी तो हवामानाचा अंदाज बघून सुट्टी टाकतो. आपल्याकडे हवामान निवडायची सोय नाही. पालघाटच्या खिंडीतून येणारा वारा कोइमतूरला चेन्नईपेक्षा सुसह्य करतो खरा, पण दुपारच्या उन्हात डांबर पन्नाशीच्या पुढे जातंच.

म्हणून रविवारचं सकाळचं पहिलं सत्र सोन्याचं. हवा त्यातल्या त्यात थंड, टायरमध्ये अजून थोडा जीव. सत्र वीस मिनिटांचं. गरम करायची लॅप झाली, पहिली जोराची लॅप बरी गेली, दुसरीत दोन वळणं आयुष्यात पहिल्यांदा मनासारखी बसली आणि तिसऱ्या वळणाला लाल झेंडा. पुढच्या एका गाडीचं इंजिन गेलं होतं, लाइनवर ऑइल सांडलं होतं. मार्शल झाडू आणि सिमेंटची पावडर घेऊन धावले. त्यांचं काम ते चोख करतात, तेही उन्हातान्हात आणि बहुतेक वेळा नाममात्र मानधनावर. ऑइल साफ झालं तेव्हा सत्राची वेळ संपली होती. गेलेली मिनिटं भरून देता येत नाहीत. मागे पुढचे गट रांगेत उभे असतात.

दुपारच्या सत्रात जे झालं ते अशा वेळी बहुतेकांचं होतं. सकाळचं हुकलेलं वसूल करायला तो गाडीवर चढून बसला. उशिरा ब्रेक, जास्त स्टिअरिंग, वळणात टायरचा आवाज. आवाज करणारा टायर वेगवान वाटतो; काठावर उभ्या मित्रांनाही तसंच वाटलं. घड्याळाने मात्र प्रत्येक लॅप आधीच्या लॅपपेक्षा दोन-तीन दशांश मंद दाखवली. जोर वाढत गेला, वेळ वाढत गेली. शेवटच्या लॅपला डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आला आणि तो आत आला. स्वतःसाठी ठरवलेल्या वेळेपेक्षा पावणेदोन सेकंद मागे, गटात खालून तिसरा.

पावणेदोन सेकंद म्हणजे किती? ताशी सरासरी ९० किलोमीटरने धावणारी गाडी तेवढ्यात ४० मीटरहून जास्त जाते. तेवढ्या अंतरावरून पुढची गाडी दिसते, तिची नंबरप्लेट दिसत नाही.

हे फक्त हौशी लोकांचंच होतं असं मानू नये. मे २०१९ मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला जे घडलं ते सगळ्या जगाने बघितलं. तिथल्या इंडी ५०० या शर्यतीसाठी ३३ जागा असतात. त्या वर्षी ३६ जण आले होते. जागा ठरवायला ट्रॅकवर एकट्याने सलग चार लॅप मारायच्या आणि सरासरी वेग बघायचा, म्हणजे शुद्ध टाइम ट्रायल. फर्नांडो अलोन्सो, दोन वेळचा फॉर्म्युला वन विश्वविजेता, मॅक्लारेनसारख्या नावाजलेल्या संघाची गाडी घेऊन आला होता. शेवटच्या रविवारी शेवटच्या जागेसाठी त्याची सरासरी होती ताशी २२७.३५३ मैल. छोट्या हुंकोस संघाचा काइल कायझर त्यानंतर आला आणि २२७.३७२ मारून गेला. सोळा किलोमीटर धावल्यावर दोघांतला फरक दीड मीटरहूनही कमी. कायझरची मूळ गाडी शुक्रवारी भिंतीवर आपटली होती. संघाने जागून दुसरी उभी केली होती. मॅक्लारेनची कथा नंतर त्यांच्याच प्रमुखांनी, झॅक ब्राउन यांनी, मोकळेपणाने सांगितली. पहिल्या चाचणीला संघाकडे स्टिअरिंग व्हील तयार नव्हतं. गाडीचा नारिंगी रंग चुकला म्हणून एक गाडी पुन्हा रंगवायला गेली. सरावात अलोन्सोची गाडी आपटली तेव्हा ती राखीव गाडी रंगाच्या दुकानात होती आणि सरावाचे तास हातचे गेले. शेवटच्या क्षणी दुसऱ्या संघाकडून मिळालेली सेटिंग बसवताना इंच आणि मिलिमीटरचं रूपांतर चुकलं आणि गाडी जमिनीला घासून ठिणग्या उडवू लागली. गिअरचं गुणोत्तरही चुकीचं होतं. एवढ्या पैशाच्या, एवढ्या हुशार माणसांच्या संघाचं जे चुकलं ते ऐकलं की चेट्टिपाळयमच्या पॅडकमधली जुन्या ब्रेक ऑइलची गोष्ट परकी वाटत नाही.

नारायण कार्तिकेयनच्या वाट्यालाही असा वीकएन्ड आला, तोही मेलबर्नला, २०११ च्या फॉर्म्युला वन मोसमाच्या पहिल्याच शर्यतीत. तेव्हा नियम होता की पात्रता फेरीच्या पहिल्या टप्प्यातल्या सर्वोत्तम वेळेच्या १०७ टक्क्यांत बसलात तरच शर्यत मिळेल. त्याच्या एचआरटी संघाची नवी गाडी मोसमापूर्वीच्या चाचण्यांत धावलीच नव्हती. मेलबर्नलाही तिची जुळणी चालू होती. पात्रता फेरी हाच त्या गाडीचा जवळपास पहिला सराव. संघाच्या दोन्ही गाड्या नियमात बसल्या नाहीत. पुढच्या वर्षी मेलबर्नला पुन्हा तेच. कार्तिकेयनला गाडी चालवता येत होती याबद्दल कुणाला शंका नव्हती. त्याला लॅप्स मिळाल्या नव्हत्या.

खरी गोष्ट इथे आहे, आणि ती चालकाच्या एका चुकीपेक्षा मोठी आहे. आपल्या पुण्याच्या चालकाने संपूर्ण वीकएन्डला जोराच्या लॅप्स मारल्या त्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. ज्या वीकएन्डला ट्रॅक शिकायचा त्याच वीकएन्डला परीक्षा. उशिरा ब्रेक कुठे मारायचा, गरम टायरला किती मागायचं, हवा किती काढायची, या गोष्टी पुस्तकातून येत नाहीत; पुन्हा पुन्हा तेच वळण घेऊन, थोडं चुकून, थोडं सुधारून येतात. जर्मनीत न्युरबर्गरिंगचा २०.८ किलोमीटरचा जुना ट्रॅक १९२७ पासून सामान्य माणसालाही पैसे भरून गाडी चालवायला खुला आहे. कामावरून सुटून संध्याकाळी दोन लॅप मारून जाणारी माणसं तिथे आहेत. पुण्याच्या माणसाला दोन लॅपसाठी बाराशे किलोमीटर.

महाराष्ट्रात गाड्या कमी आहेत का? पिंपरीला टाटा, आकुर्डी-चाकणला बजाज, चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा, नाशिकला पुन्हा महिंद्रा. १९६६ पासून पुण्यात एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था आहे. अहिल्यानगरजवळ व्हीआरडीई या संशोधन संस्थेचा चाचणी ट्रॅक आहे, पण तो वाहनांच्या चाचण्यांसाठी. हौशी माणसाला तिथे प्रवेश नाही आणि तशी अपेक्षाही नाही. कोल्हापूरजवळ मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंग ट्रॅक आहे आणि तिथे घडलेली मुलं पुढे गेली आहेत. मावळात नानोलीला अलीकडे खासगी ट्रॅक झाला. पण राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या कार शर्यती व्हाव्यात आणि शनिवारी सामान्य माणसाने शुल्क भरून आपली गाडी तासभर चालवावी, असा पूर्ण लांबीचा सार्वजनिक ट्रॅक या राज्यात नाही. गाडी बनवणाऱ्या राज्याने हे मनावर घ्यायला हवं. रस्त्यावर, एक्स्प्रेसवेवर, ताम्हिणी घाटात जी पोरं जीव धोक्यात घालून वेग बघतात, त्यांना जायला दुसरी जागा आपण दिलेली नाही.

तरीही पुण्याची माणसं तिकडे जाऊन जिंकतात. डायना पंडोले यांनी २०२४ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर राष्ट्रीय सलून गटाचं अजिंक्यपद मिळवलं. पुरुषांबरोबर खेळून राष्ट्रीय कार शर्यतीचं अजिंक्यपद जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. दोन मुलांची आई असलेल्या पंडोले २०१८ च्या सुमारास स्त्रियांसाठीच्या एका निवड-कार्यक्रमातून या खेळात आल्या. मधली वर्षं दक्षिणेच्या ट्रॅकवर जाऊन लॅप्स जमवण्यात गेली.

रविवारी रात्री लॉजवर आपल्या चालकाने जीपीएस लॉगरमधली माहिती लॅपटॉपवर उघडली. हे यंत्र ट्रॅकचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यातली सर्वोत्तम वेळ दाखवतं. दोन दिवसांतले सगळे चांगले तुकडे एकत्र जोडले तर जी लॅप होते, ती त्याच्या प्रत्यक्ष सर्वोत्तम लॅपपेक्षा एक सेकंदाहून जास्त वेगवान होती. पहिला तुकडा रविवारी सकाळचा, लाल झेंड्याआधीचा. शेवटचा शनिवारी दुपारचा. एका लॅपमध्ये ते कधी एकत्र आलेच नाहीत. पावणेदोन सेकंदांतले उरलेले सहा-सात दशांश जवळजवळ सगळे एकाच वळणावर गेले होते, सरळ पट्ट्यानंतरच्या जोराच्या ब्रेकवर, जिथे शनिवारी पेडल खाली गेलं होतं.

सोमवारी सेलममार्गे परत येताना त्याने यादी सांगितली आणि शेजारी बसलेल्या मित्राने ती फोनवर लिहून घेतली. निघण्याच्या आठवड्यात नवं ब्रेक ऑइल, शक्यतो जास्त उत्कलनबिंदूचं. जास्त उष्णता सोसणारे पॅड. चांगला गेज, आणि सत्र संपल्यावर हेल्मेट काढायच्या आधी हवा. पिटमध्ये गाडी सावलीत, बॉनेट उघडं. दुपारच्या सत्रात दोनच जोराच्या लॅप, मध्ये एक थंड. आणि मोसमाच्या पुढच्या फेरीला शुक्रवारी सरावाची सत्रं ठेवली आहेत का, याची आयोजकांकडे चौकशी. असतील तर गुरुवारी पहाटे निघायचं, रजेचा अर्ज त्याप्रमाणे.